एका काट्याचं घड्याळ

गेल्या तीन-चार आठवड्यांत मला एकच प्रश्न किमान चाळीस वेळा विचारला गेला असेल. "अरे, तुझ्या घड्याळाचा काटा पडला की काय?"

नाही हो, पडलेला नाही. मुळातच एक आहे.

तर मंडळी, मी घड्याळ घेतलं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय नवीन, दर दोन महिन्यांनी घेतोसच. खरं आहे. पण आजवर घेतली ती सगळी जुनी एचएमटी. कुठे जुन्या बाजारात, कुठे कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली, पाचशेपासून चार हजारापर्यंतची. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं एक, पायलट दोन (त्यातल्या एकाचा डायल नंतर रंगवलेला निघाला, म्हणजे मी उल्लू बनलो, असो). डिसेंबरच्या शेवटी घेतलं ते मात्र वेगळंच प्रकरण आहे. जर्मन. नाव माइस्टरझिंगर, मॉडेल नंबर ०३. वापरलेलं, दुसऱ्या एका संग्राहकाकडून घेतलेलं, आणि तरीही किंमत एक लाख दहा हजार.

हो. एक लाख दहा हजार. आणि काटा एक.

आधी घड्याळाबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माळशिरसला काय झालं ते कळायचं नाही.

जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात मॅनफ्रेड ब्रासलर नावाच्या माणसाने २००१ मध्ये ही कंपनी काढली. कल्पना अशी की घड्याळाला तासकाटा तेवढा ठेवायचा. डायलच्या कडेने एकशे चव्वेचाळीस रेघा. बारा तास, प्रत्येक तासाचे बारा भाग, म्हणजे एक रेघ पाच मिनिटांची. काट्याचं टोक सुईसारखं बारीक, ते ज्या रेघेवर असेल ती वेळ. तासांचे आकडे ०१, ०२, ०३ असे दोन-दोन अंकी लिहिलेले. (आम्हा प्रोग्रामर लोकांना हे बघून उगाच बरं वाटतं.) अर्ध्या तासाला थोडी मोठी रेघ, पाव तासाला त्याहून थोडी लहान. बस्स. सेकंदकाटा नाही, तारीख एका छोट्या खिडकीत.

तुम्ही म्हणाल, अर्धवट घड्याळाला एवढे पैसे? पण मूळची घड्याळं अशीच होती. युरोपातल्या चर्चच्या मनोऱ्यांवरच्या जुन्या घड्याळांना एकच काटा असायचा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका मनोऱ्यावर अजूनही तसं घड्याळ आहे. दुसरा काटा लावून उपयोगच नव्हता, कारण ती घड्याळं दिवसाला पंधरा-वीस मिनिटं सहज इकडेतिकडे व्हायची. १६५६ साली हॉयगन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं. आपल्याकडे महाराजांनी जावळी घेतली तेच साल. त्यानंतर घड्याळं इतकी नेमकी चालायला लागली की मिनिटकाटा लावण्यात अर्थ आला. म्हणजे मिनिट हे साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांचंच पोर आहे. आपली घटका त्याहून कितीतरी जुनी. चोवीस मिनिटांची एक घटका, दिवसरात्र मिळून साठ घटका. बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका. लग्नाचा मुहूर्त त्यावर धरायचे. 'घटका भरली' म्हणतात ते त्यावरूनच.

आता हातात घालून कसं वाटतं ते. पहिला दिवस वाईट गेला. केस त्रेचाळीस मिलिमीटरची, माझं मनगट काटकुळं, बशी बांधल्यासारखं वाटत होतं. दर वेळी बघितलं की मेंदू दुसरा काटा शोधायचा आणि न सापडल्याने अर्धा सेकंद हँग व्हायचा. हा काटा तासाला तीस अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. माझ्या हिशेबाने एका रेघेपासून दुसरी रेघ जेमतेम पाऊण मिलिमीटरवर आहे. पाच मिनिटं म्हणजे पाऊण मिलिमीटर! एवढ्याशा जागेत 'दहा वाजून बत्तीस मिनिटं' कुठून वाचणार? 'साडेदहा होऊन गेले' एवढंच वाचता येतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र काहीतरी सरकलं. मी वेळ 'वाचायचं' सोडून 'बघायला' लागलो. कार पळवताना आपण स्पीडोमीटरचा आकडा वाचत नाही, काटा कुठे झुकलाय ते बघतो ना, तसं. जेवायची वेळ अजून एवढी लांब आहे, हे मोजावं लागत नाही, दिसतं.

आत स्विस ऑटोमॅटिक मशीन आहे. मागचं झाकण काचेचं, त्यातून रोटर फिरताना दिसतो. सेकंदाला आठ ठोके. माझी एचएमटी सेकंदाला पाच ठोके देते, कानाला लावली की टक-टक-टक असं स्पष्ट ऐकू येतं. हे जर्मन साहेब कानाशी धरले तर नुसतं सळसळतात. आणि गंमत अशी की एवढं अचूक मशीन आत घालून ती अचूकता दिसूच नये अशी व्यवस्था बाहेर केलेली. दिवसाला दहा सेकंद चुकलं तर पंधरा दिवसांनी अडीच मिनिटं होतात. ती काट्याच्या टोकाआड लपून जातात.

ऑफिसात मी याचं तत्त्वज्ञान करून सांगायला लागलो होतो. दिवसभर आम्ही मिलिसेकंदात जगतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन नोंदी सात मिलिसेकंदांनी उलट्यापालट्या दिसल्या म्हणून आख्खा शुक्रवार गेलेला मी पाहिलाय. टाइमशीट पंधरा-पंधरा मिनिटांच्या खणांत भरायची. अशा माणसाच्या मनगटावर एक तरी गोष्ट अशी हवी की जी म्हणेल, 'अकराच्या आसपास झालेत रे, चालतंय.' छान वाटतं की नाही ऐकायला? मलाही वाटलं होतं. टीममधल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "वा, लक्झरी म्हणजे हीच." तेव्हा वाटलं, किती बरोबर बोलला.

मग संक्रांत आली आणि मी गावी गेलो.

माळशिरस तुम्ही ऐकलं असेल तर वारीमुळे. माउलींची पालखी नातेपुत्यानंतर आमच्याकडे मुक्कामाला असते, मग पुढे वेळापूर. एरवी तुम्हाला माळशिरसशी काय काम असणार म्हणा. स्वारगेटहून एसटीने फलटण, नातेपुते करत गेलं की येतं. जानेवारीत गळीत हंगाम भरात असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पुढच्या ट्रॅक्टरवर कर्कश्श गाणी, आणि त्यांच्या मागे अडकलेली आमची गाडी. दोन तास उशिरा पोचलो. घड्याळाप्रमाणे 'उशिराच' पोचलो, किती ते विचारू नका :)

आमच्याकडे घरी वेळ सांगायची पद्धत ऐकाल तर ब्रासलरसाहेब शिकवणी लावतील. तांबडं फुटलं. दिवस कासराभर वर आला. न्याहारीचा वकूत. दिवस कलला. कडुसं पडलं. आई अजून असंच बोलते. शिवाय आपण ज्याला बारा म्हणतो ते माळशिरसचे बारा नाहीतच. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, माळशिरस जवळपास पंचाहत्तर रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आमच्या माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास झालेले असतात. लहानपणी सावली पायाशी आली की आण्णा (माझे वडील) जेवायला सुटी करायचे आणि घड्याळ बघून 'साडेबारा' म्हणायचे. मला वाटायचं, शेतातलं जेवण अर्धा तास उशिरा असतं.

तर दुपारी ओसरीवर बसलो होतो. आण्णांनी घड्याळ पाहिलं.

"आरं, मिनिटकाटा कुठाय ह्याचा?"

"नाहीच. एकच काटा असतो."

हातात घेतलं, जरा लांब धरलं (चष्मा आत होता), आणि म्हणाले, "अडीच होत आल्यात."

मी बघतच राहिलो. ऑफिसातल्या एकालाही पहिल्या फटक्यात वाचता आलं नव्हतं. सगळ्यांना आधी रेघांचं गणित समजावून द्यावं लागलं होतं. आण्णांनी रेघांकडे बघितलंच नाही. काटा दोन आणि तीनच्या मध्यावर पोचत आलाय, म्हणजे अडीच होत आलेत. एवढंच.

"कितीला पडलं?"

आणि मी म्हणालो, "पाच हजार."

का म्हणालो? आता विचार केला तर दहा कारणं सांगता येतील. त्या क्षणी एकच होतं. त्यांनी खरा आकडा ऐकला असता तर लगेच उसात मोजला असता. मी एसटीत बसल्या बसल्या तो हिशेब करून ठेवला होता. टनाला तीन हजार धरले तर सदतीस टन. आमच्या रानात खोडव्याला एकराला साधारण तेवढाच उतारा पडतो. म्हणजे एक एकर ऊस मी मनगटाला बांधून फिरत होतो, तोही खत, पाणी, मजुरी काहीच वजा न करता.

"पाच हजाराला एकच काटा," आण्णा म्हणाले. "लुटला तुला."

इथे थोडं मागे जावं लागेल.

आण्णांचं स्वतःचं घड्याळ एचएमटी जनता. १९९२ साली लग्नात सासरकडून मिळालेलं. त्या काळी आमच्याकडे जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटीच. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला कारखाना निघाला, आणि पुढची तीसेक वर्षं लग्न, निकाल, निवृत्ती सगळ्याला तेच. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आण्णांचं घड्याळ हातात कमी आणि विहिरीवर जास्त असायचं. आमची आणि तात्यांची (माझे थोरले चुलते) विहीर सामाईक. मोटर एक, पाणी दोघांचं. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास असायची, चार तास आमचे, चार तास तात्यांचे. स्टार्टरच्या पेटीत एक खिळा होता, पाळी सुरू झाली की आण्णा घड्याळ काढून त्या खिळ्याला अडकवायचे. तात्या पाळी घ्यायला आले की आधी खिळ्याकडे बघायचे. तात्यांकडेही घड्याळ होतं, पण पाण्याच्या व्यवहारात त्या खिळ्यावरच्या घड्याळाची वेळ हीच खरी, असं दोघांत न बोलता ठरलेलं होतं. वीस वर्षं ठरलेलं होतं.

२०१२-१३ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला कसा गेला ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. मी दहावीला होतो. पाटाला पाणी नव्हतं. मार्चमध्ये विहीर अशी झाली की मोटर चालू केल्यापासून ऐंशी मिनिटांत तळ दिसायचा, मग पुन्हा रात्रभर झरे साठायची वाट बघायची. ऐंशी मिनिटं दोघांत. चाळीस आमची, चाळीस तात्यांची. लाइट रात्री बाराला यायची. बारा ते बारा चाळीस आम्ही, पुढे ते.

त्या रात्री आण्णांनी घड्याळात बारा चाळीस बघून मोटर सोडायला हात घातला, तेव्हा माझा चुलतभाऊ समोर उभा होता आणि त्याच्या मोबाईलमध्ये बारा बावन्न झाले होते.

घड्याळ बारा मिनिटं मागे होतं. दिवसाला तीन-चार मिनिटं ते मागे पडायचंच, आण्णा रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावून घ्यायचे. तीन-चार दिवस रेडिओचे सेल संपलेले होते. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइम सर्व्हरशी सिंक तुटला होता. तात्यांना त्या रात्री चाळीसच्या जागी अठ्ठावीस मिनिटं पाणी मिळालं. कदाचित आदल्या रात्रीही थोडं कमीच मिळालं असेल, आणि त्याच्या आदल्याही.

"घड्याळ मागं ठिवून पाणी चोरतोस व्हय?" असं तात्या म्हणाले. मी तिथेच बॅटरी धरून उभा होतो. आण्णा काहीच बोलले नाहीत. खिळ्यावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात घातलं. पुढे बरंच काही झालं, ते सगळं सांगत नाही. तात्यांनी कर्ज काढून वेगळी बोअर पाडली, तिला दोन वर्षं बरं पाणी होतं. दोघे भाऊ लग्नाकार्यात एका पंगतीत बसायचे, पण बोलणं नाही. २०२१ मध्ये तात्या गेले.

आण्णांनी त्या रात्रीनंतर घड्याळाला चावी दिली नाही.

मला ते सापडलं २०१९ मध्ये, नोकरीला लागल्यावर, कपाटात पासबुकांच्या खाली. अकलूजला एका जुन्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "तेल पार वाळलंय. कधी ऑइलिंगच केलेलं दिसत नाही." साडेतीनशे रुपये घेतले. आठवडाभर मी रोज मोबाईलशी ताडून बघितलं. दिवसाला वीस सेकंदसुद्धा चुकत नव्हतं.

माझा छंद तिथून सुरू झाला. लोकांना सांगताना मी 'भारतीय घड्याळांचा इतिहास' वगैरे म्हणतो.

तर संक्रांतीची ती रात्र. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती, दहा-साडेदहाच्या सुमाराला यायची. आता विहीर आमच्या एकट्याचीच आहे, पण उसाला दारं धरायला जावं लागतंच. जेवणं झाली. आण्णा मफलर गुंडाळत म्हणाले, "तुझं ते घड्याळ घालून जाऊ का? बघू तरी."

नाही कसं म्हणणार? पाच हजाराचं घड्याळ बापाला एका रात्रीपुरतं न द्यायला कारण काय सांगणार? मी काढून दिलं. पट्टा त्यांच्या मनगटाला शेवटच्या भोकात बसला. त्या हातावर ते घड्याळ अजिबात बशीसारखं दिसत नव्हतं.

आम्ही दोघे विहिरीवर जाऊन बसलो. थंडी होती, उसाच्या पाल्याचा वास येत होता. अंधारात या घड्याळाचा काही उपयोग नाही हे तिथे कळलं. काट्याला चमकणारा रंगच लावलेला नाही. आण्णांनी दोनदा मनगट डोळ्यांपाशी नेलं, मग नाद सोडून वर बघितलं.

"तिकांडं माथ्यावर आलंय. म्हंजी येईलच आता लाइट."

तिकांडं म्हणजे मृगातल्या त्या ओळीतल्या तीन चांदण्या. मी खिशातून मोबाईल काढून बघितला. दहा पंचवीस.

लाइट आली. आण्णांनी स्टार्टर दाबला आणि मी बॅटरी धरली. व्हॉल्व्ह घट्ट झाला होता, ते दोन्ही हातांनी जोर लावत होते, आणि हात सटकला. मनगट लोखंडी पाइपावर आपटलं. खट्ट.

"आण्णा, घड्याळ!"

बॅटरीचा झोत मी त्यांच्या चेहऱ्यावर नाही, हातावर नाही, घड्याळावर धरला होता. हे मला नंतर कळलं. त्यांना लगेच कळलं. त्यांच्या बोटाच्या पेरावरचं साल निघालं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"कितीचं हाय खरं?"

पाणी चालू झालं होतं, त्या आवाजात मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा मी हळू बोललो असेन.

ते काही वेळ पाटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खोडव्याचं एकर."

मी काहीच बोललो नाही. हिशेब बरोबर होता.

"मला वाटलंच. पाच हजाराचं घड्याळ कोण एवढं फडक्यात गुंडाळून ठिवतं." मग, "कर्ज न्हाय ना काढलं?"

"नाही."

"मग झालं."

खोरं घेऊन ते पहिल्या सरीकडे निघाले. मी बॅटरी घेऊन मागे. पहिली सरी भरली, दुसरं दार फोडलं, पाणी वळलं. अर्धा-पाऊण तास तसाच गेला. मला वाटलं, विषय संपला. मग बांधावर टेकल्यावर त्यांनी बॅटरी मागून घेतली, घड्याळावर धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्या दोन रेघांच्या मधी किती?"

"पाच मिनिटं."

"आन् त्या पाचातलं एक-दोन कसं कळायचं?"

"नाही कळत. कळू नये म्हणूनच केलंय तसं." आणि मग मी माझं ते ऑफिसातलं भाषण थोडक्यात केलं. मिनिटांच्या मागे किती धावायचं, जरा निवांत, वगैरे. माळावर, रात्री अकराला, गुडघाभर चिखलात उभं राहून वडिलांना निवांतपणा समजावून सांगणारा मी एकटाच असेन.

आण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तात्याच्या वक्ताला हे खिळ्याला असतं, तर मधली पाच मिनिटं कुणाची म्हणायची?"

मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चाळीस मिनिटांची पाळी म्हणजे या डायलवर आठ रेघा. त्या बारा मिनिटांच्या दोन रेघा आणि वर थोडं. सहा मिलिमीटरच्या व्यवहारात पावणेदोन मिलिमीटरची चोरी, जी चोरी नव्हतीच.

"साडेतीनशे रुपयं घेतलं ना त्यानं तेलाचं?" त्यांनी मध्येच विचारलं. कुठल्या घड्याळाबद्दल ते सांगायची गरज नव्हती.

"हो."

"हूं."

एवढंच. मग पुढचं दार फोडायला उठले.

पहाटे घरी आलो तेव्हा त्यांनी घड्याळ काढून, टॉवेलने पुसून माझ्या हातात दिलं. उजेडात बघितलं तर केसच्या कडेला, चावीच्या बटणाखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा एक खड्डा पडलाय. आत काही झालेलं नाही, चालतंय व्यवस्थित. पॉलिश करून निघेल असं एका मित्राने सांगितलं. विकताना किंमत कमी येईल असंही सांगितलं. संग्राहकांच्या जगात असा खड्डा म्हणजे आयुष्यभराचा कलंक असतो. मी अजून पॉलिशला टाकलेलं नाही.

पहिल्या महिन्याचा अनुभव विचारलात तर घड्याळ उत्तम आहे. वजन जाणवत नाही आता, डायल दुरूनही स्वच्छ दिसतो, अंधारात निरुपयोगी, धुळीचं काम असेल तर घालू नये. रोज घालतोय. फक्त ऑफिसात त्या निवांतपणाबद्दल बोलायचं थांबवलंय. कुणी विचारलं की सांगतो, एकच काटा आहे, पाच मिनिटांपर्यंत दिसतं, मला आवडतं म्हणून घेतलं. मला परवडतं हे मनातल्या मनात म्हणतो. माझी पाळी कुणी माझ्या घड्याळावर मोजत नाही, म्हणून परवडतं.

निघताना मी ते एचएमटी आण्णांच्या पुढ्यात ठेवलं. दर वेळी पुण्याहून नेतो आणि दर वेळी ते 'तुझ्याकडंच ठेव' म्हणतात. या वेळी काही म्हणाले नाहीत. मी टेबलावर तसंच ठेवून निघालो. एसटी फलटणच्या पुढे आली असेल, तेव्हा आईचा फोन आला, तिळाच्या वड्यांचा डबा ओसरीवरच विसरलास म्हणून. मी विचारलं, "आण्णा काय करतायत?"

"काय न्हाय. रेडिओला सेल हायत का विचारत्यात."